टर्बो रोटरीचं पोर्टिंग: ग्राइंडर हातात घेण्याआधी टर्बो ठरवा

माझ्या टेबलावर सध्या एक १३बी उघडून ठेवलंय, म्हणजे माझदाचं दोन रोटरांचं रोटरी इंजिन. रोटरीत पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. एफडी मॉडेलच्या आरएक्स-सेव्हनचं, १९९३ सालचं. पुढचा रोटर ठीक आहे. मागच्याचं एक एपेक्स सील (रोटरच्या कोनावरची पट्टी) टोकाला तुटलंय आणि त्या तुकड्यानं हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, क्रोमवर ओरखडे काढलेत. गाडी नाशिकच्या एका मुलाची, इथे ऑकलंडला नोकरी करतो. इंजिन खाली उतरवल्यावर त्याचा पहिला प्रश्न: "दादा, उघडलंच आहे तर ब्रिजपोर्ट करून टाकूया ना?"

पोर्टिंग म्हणजे इंजिनात मिश्रण येण्याची वाट (इनटेक पोर्ट) आणि जळका वायू जाण्याची वाट (एक्झॉस्ट पोर्ट) घासून मोठी करणं. ब्रिजपोर्ट हा त्यातला एक जहाल प्रकार. त्या मुलाला दोन संध्याकाळी समोर बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

मी इंजिन बांधायला शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडिलांच्या शेडमध्ये. तिथे रोटरी कुणी पाहिलीही नव्हती, सगळं काम डिझेलचं. पण गिऱ्हाईक आलं की वडील आधी विचारायचे, "इंजिन जोडणार कशाला? विहिरीवरच्या पंपाला की गुऱ्हाळाला?" पोर्टिंग ठरवताना मी आजही इथूनच सुरुवात करतो. टर्बो गाडीत त्याचं उत्तर टर्बोपाशी असतं, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्रापाशी.

रोटरीत व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. रोटर फिरता फिरता स्वतःच पोर्ट उघडतो आणि झाकतो. एफडीच्या १३बी-आरईडब्ल्यू इंजिनात इनटेक पोर्ट बाजूच्या बिडाच्या प्लेटांमध्ये असतात: मधल्या प्लेटमध्ये प्रायमरी, पुढच्या आणि मागच्या प्लेटांत सेकंडरी. एक्झॉस्ट पोर्ट मात्र रोटर हाउसिंगमध्ये. पोर्टाची कड जिथे, तिथे टायमिंग. पिस्टन इंजिनात कॅम आवडला नाही तर दुसरा बसवता येतो. इथे घासून काढलेलं बीड परत येत नाही, आणि एफडीच्या चांगल्या प्लेटा आता शोधाव्या लागतात.

स्ट्रीट पोर्ट म्हणजे मूळ पोर्टच थोडा मोठा करायचा, मुख्यतः बंद होण्याच्या कडेकडून, म्हणजे इनटेक उशिरा बंद होतो. ब्रिजपोर्टात मूळ पोर्टाच्या बाहेरच्या अंगाला भुवईसारखी आणखी एक खाच पाडतात आणि मध्ये बिडाची अरुंद पट्टी ठेवतात, तोच ब्रिज. कॉर्नर सीलला (रोटरच्या कोपऱ्यातलं, प्लेटवर घासत जाणारं सील) आधार त्या पट्टीचा. खाच असल्यामुळे इनटेक खूप आधी उघडतो. हाफ ब्रिजमध्ये ही खाच फक्त सेकंडरी पोर्टांना, प्रायमरी साधेच राहतात. खाच आणखी बाहेर, हाउसिंगमध्ये आणि पाण्याच्या सीलच्या खोबणीत घुसली की मॉन्स्टर ब्रिज. पेरिफेरल पोर्टात तर इनटेकही थेट रोटर हाउसिंगमधून. रस्त्यावरच्या टर्बो गाडीसाठी शेवटचे दोन्ही मी करत नाही.

सगळा खेळ ओव्हरलॅपचा आहे. एक्झॉस्ट अजून पूर्ण मिटलेला नसतो आणि इनटेक उघडायला लागतो, तो काळ म्हणजे ओव्हरलॅप. स्ट्रीट पोर्टात तो थोडा वाढतो, ब्रिजमध्ये प्रचंड. टर्बो नसलेल्या इंजिनात वरच्या आरपीएमला, चांगल्या लांबीचा एक्झॉस्ट असेल तर, बाहेर जाणारा वायू ताजं मिश्रण ओढून घेतो आणि फायदा होतो. नाशिककरानं मला ७८७बीचं उदाहरण दिलं. १९९१ साली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणारी माझदाची ती गाडी, चार रोटर, पेरिफेरल पोर्ट. बरोबर आहे, पण तिला टर्बो नव्हता.

टर्बो आला की एक्झॉस्टच्या वाटेत टर्बाइन बसते आणि तिच्या अलीकडे दाब साठतो. एफडीच्या मूळच्या दोन छोट्या टर्बोंमध्ये वरच्या आरपीएमला हा दाब बूस्टपेक्षा, म्हणजे टर्बोनं इनटेकमध्ये तयार केलेल्या दाबापेक्षा, जास्त होतो. मग ओव्हरलॅपमध्ये जळका, तापलेला वायू उलटा आत शिरतो. ताज्या मिश्रणाला जागा कमी उरते, आहे ते गरम होतं आणि नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट) लवकर सुरू होतं. रोटरीला नॉकिंग सोसत नाही, एपेक्स सील तुटतं. त्या मुलाचं सील कशानं गेलं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण छोट्या टर्बोंवर ब्रिज केला असता तर नंतरचं सील कशानं गेलं ते नक्की सांगता आलं असतं. माझदानं स्वतः २००३ च्या आरएक्स-एटमध्ये एक्झॉस्टही बाजूच्या प्लेटांत नेला आणि ओव्हरलॅप शून्यावर आणला, हेही लक्षात ठेवा.

म्हणून इंजिन उघडण्याआधी, गाडी चालत असेल तर, एक मोजमाप करा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, टर्बोच्या अलीकडे, छोटं भोक पाडून आटे पाडा. तांब्याच्या नळीला चार-पाच वेढे देऊन ती थंड राहील अशी आणा आणि टोकाला प्रेशर गेज लावा. डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटलला तो आकडा आणि बूस्टचा आकडा शेजारी शेजारी लिहा. एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या दीडपट किंवा वर असेल तर माझं उत्तर ठरलेलं: सौम्य स्ट्रीट पोर्ट. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, म्हणजे मोठी टर्बाइन आणि मोकळा एक्झॉस्ट असेल, तर मोठा स्ट्रीट पोर्ट किंवा हाफ ब्रिज यावर बोलता येतं. असा एकच हाफ ब्रिज मी गेल्या वर्षी केला. मोठा सिंगल टर्बो, गाडी बहुतेक हॅम्प्टन डाउन्सच्या रेस ट्रॅकवरच. त्या मालकाला आयडलिंग हजार-बाराशेच्या वर ठेवावं लागतं आणि गर्दीत क्लच सांभाळावा लागतो. त्याला ते मान्य होतं.

कामाला लागल्यावर लोक सरळ इनटेककडे वळतात. मी आधी एक्झॉस्ट पोर्ट बघतो, कारण टर्बोला खायला तिथून मिळतं. त्याची खालची कड उघडण्याची, वरची कड मिटण्याची. खालची कड थोडी खाली नेली की वायू लवकर सुटतो, त्यात ताकद जास्त असते आणि टर्बो लवकर जागा होतो. वरची कड वर नेली तर ओव्हरलॅप वाढतो, म्हणून टर्बो इंजिनात तिला मी जवळजवळ हात लावत नाही. रुंदी वाढवताना दोन्ही बाजूंना भरपूर धातू ठेवा. एपेक्स सील पोर्टावरून जाताना त्याला टोकांना आधार लागतो, नाहीतर ते मध्ये वाकतं. कडा सरळ रेषेत न ठेवता किंचित कमानदार ठेवा, म्हणजे सील एका फटक्यात कडेवर आदळत नाही. शेवटी कडेला चॅम्फर (तिरका उतार) द्या आणि बारीक पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर क्रोमचे पापुद्रे तिथूनच निघायला लागतात.

मग प्लेटा. घासण्याआधी त्या वापरण्याजोग्या आहेत का ते बघा. सीलनं पाडलेली पायरी ०.१० मिमीपेक्षा खोल असेल तर त्या प्लेटवर पोर्टिंगची मेहनत घालू नका. चांगली असेल तर मार्किंग ब्लू (रेघ दिसावी म्हणून लावायचा निळा रंग) लावा, टेम्प्लेट ठेवून स्क्रायबरनं रेघ ओढा. सीमा तीन आहेत. आतल्या अंगाला ऑइल सीलची वाट, ती ओलांडली की तेल थेट पोर्टात. बाहेरच्या अंगाला कॉर्नर सील, त्याला खाली धरायला बीड हवं. तिसरी दिसत नाही: पोर्टाच्या घशाभोवती पाण्याची पोकळी असते. २०१६ साली माझ्या हातून एका मागच्या प्लेटला तिथे टाचणीएवढं भोक पडलं. पोर्टाचं तोंड सुंदर झालं होतं, आत वळणावर मी जरा जास्त आत गेलो. वेल्डिंगचा विचार केला आणि सोडला, कारण बीड तापून प्लेट वाकली तर सगळंच गेलं. नवी प्लेट माझ्या खिशातून दिली. तेव्हापासून वळणावर कार्बाइडचा बर (ग्राइंडरचं कापणारं टोक) फिरवत नाही, फक्त पेपर.

सेकंडरी पोर्टाची बंद होण्याची कड किती वर न्यायची? रोजच्या गाडीला मी थोड्यावरच थांबतो. इनटेक जितका उशिरा बंद, तितकं खालच्या आरपीएमला आत आलेलं मिश्रण परत ढकललं जातं, आणि बूस्ट येण्याआधी गाडी मेंगळट वाटते. ऑकलंडच्या चढांवर ते दर सिग्नलला जाणवतं. प्रायमरी पोर्ट मी फक्त साफ करतो, ओतकामाच्या खरबरीत जागा काढतो. पुढच्या आणि मागच्या प्लेटचे पोर्ट एकाच टेम्प्लेटनं, एकमेकांची आरशातली प्रतिमा असावेत. व्हर्नियरनं तपासा, नजरेवर विसंबू नका.

पोर्टिंगचा खर्च तिथेच संपत नाही. मूळ टर्बो ठेवून एक्झॉस्ट मोकळा केला तर एफडीत बूस्ट आपोआप चढत जातं, कारण वेस्टगेटचं, म्हणजे जादा वायू टर्बाइनला टाळून सोडणाऱ्या झडपेचं, भोक लहान पडतं. तेही मोठं करावं लागतं. मूळचे ५५० आणि ८५० सीसीचे इंजेक्टर पुरतील का ते ट्यूनिंग करणाऱ्याला आधीच विचारा. आणि इथे न्यूझीलंडमध्ये मोठे बदल केले की एलव्हीव्ही (बदल केलेल्या गाड्यांसाठीचं) सर्टिफिकेट लागतं. ब्रिजपोर्टवाल्यांना आवाजाच्या चाचणीचीही तयारी ठेवावी लागते.

नाशिककराचं शेवटी असं ठरलं: मूळ टर्बो, एक्झॉस्टची खालची कड थोडी खाली, सेकंडरीला सौम्य स्ट्रीट पोर्ट, वेस्टगेट मोठं, मागचं हाउसिंग बदलायचं. तो थोडा हिरमुसला. मी त्याला सांगितलं, पुढे मोठा सिंगल टर्बो घेतलास तर याच प्लेटांवर हाफ ब्रिज करता येईल, पण उलटं करता येणार नाही.

आज दुपारी प्लेटा धुवायच्या आहेत. आधी केरोसीन, मग गरम पाणी आणि साबण, मग हवा, आणि लगेच तेलाचा हात, कारण उघडं बीड तासाभरात गंजतं. पाण्याच्या आणि तेलाच्या प्रत्येक वाटेत ब्रश घाला, बिडाचा चुरा तिथेच लपतो. नंतर एक रोटर कॉर्नर आणि साइड सील घालून प्लेटवर ठेवायचा, हातानं पोर्टावरून हळू फिरवायचा आणि बोटाला काही अडकतंय का ते बघायचं. अडकलं तर पुन्हा बारीक पेपर, पुन्हा धुणं.