बेगोनियाची पानं लोळली की पहिली चूक पाण्याचीच होते, या चुका टाळा

बेगोनियाचं पान लोळलं की हात आपोआप पाण्याकडे जातो आणि खरा घोळ तिथेच होतो. तहानलेला बेगोनिया आणि मुळं सडलेला बेगोनिया वरून बघितलं तर सेम टू सेम दिसतात. मुळं सडली की कुंडीत पाणी असलं तरी ते वर चढत नाही, पानं मान टाकतात, आपल्याला वाटतं बिचारं सुकलं, आणखी पाणी ओततो आणि उरलीसुरली मुळंही जातात.

म्हणून आधी कुंडीत बोट घाला. वरची इंचभर माती कोरडी असेल आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली तर खुशाल पाणी द्या, काही तासांत झाड ताजंतवानं होतं. माती ओली असूनही पानं पडलेली असतील तर पाणी बंद, आणि देठ जिथे मातीजवळ जुळतात तिथे वाकून बघा. रेक्स, आयर्न क्रॉस वगैरे प्रकारांचं खोड आल्याच्या गड्ड्यासारखं मातीवर आडवं पसरलेलं असतं. ते बोटाने दाबून बघायचं, टणक असेल तर झाड अजून हातात आहे. पण पिचपिचीत लागलं, तपकिरी झालं असेल आणि देठ नुसता धरला तरी सुटून येत असेल तर कुज आत शिरलीय. मग झाड बाहेर काढा, काळी मऊ मुळं आणि खोडाचा सडका भाग स्वच्छ ब्लेडने कापा, टणक तुकडा नवीन हलक्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा. गाडायचं नाही! खोड मातीखाली दाबणं ही रिपॉटिंगमधली (कुंडी बदलतानाची) कॉमन चूक आहे, कारण उघडं खोड बघून लोकांना वाटतं झाड नीट लावलंच गेलं नाहीये.

कुंडीचंही तसंच. बेगोनियाची मुळं बारीक आणि वरवरची असतात, त्यांना खोल कुंडीचा काही उपयोग नाही, उलट खालची माती ओलीच राहते. पसरट, उथळ, खाली भोक असलेली आणि आधीच्या कुंडीपेक्षा फार तर एक साइझ मोठी बस झाली. मिश्रणात कोकोपीटसोबत (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरपूर परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) हवं, नुसतं कोकोपीट आणि कंपोस्ट भरलं की ते स्पंजसारखं पाणी धरून बसतं.

आता कडा. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या की बहुतेक वेळा हवा कोरडी असते, एसी किंवा हीटरच्या झोतात ठेवलेलं झाड तर हमखास असं होतं. यावर सगळे स्प्रे मारायला सांगतात, माझं मत विचाराल तर बेगोनियावर मारूच नका. हवेतला ओलावा त्याने काही मिनिटंच वाढतो पण पानांवर पाणी साचून राहिलं तर डाग पडतात आणि बॅक्टेरिया एका पानावरून दुसऱ्यावर जातात. कुंडीखाली पाणी घातलेला खड्यांचा ट्रे पण लोक सांगतात त्यामानाने फार काही करत नाही. झाडं जवळजवळ ठेवा किंवा सरळ ह्युमिडिफायर लावा, ५० टक्क्यांच्या वर दमटपणा असला की बरेचसे प्रकार खूश असतात. फक्त हवा खेळती हवी. कोंदट जागेत भुरी नावाची बुरशी येते, पानावर पांढरी पावडर शिंपडल्यासारखी.

इथे नवीन लोक हमखास फसतात, कारण कित्येक बेगोनियांच्या पानांवर मुळातच चंदेरी पट्टे आणि ठिपके असतात. ती चंदेरी चमक म्हणजे रंग नाही, पानाच्या वरच्या पातळ थराखाली हवेच्या बारीक फटी असतात आणि त्यावरून उजेड परततो म्हणून तसं दिसतं. बोट फिरवून बघा, पुसलं गेलं तर भुरी, नाही गेलं तर ते डिझाइनच आहे, उगाच बुरशीनाशक मारत बसू नका. भुरी असेल तर ती पानं काढून टाका आणि झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा.

उजेडाचं म्हणाल तर रेक्स मूळचा आसामकडच्या जंगलातला, झाडांखालच्या सावलीतला, म्हणून दुपारचं थेट ऊन लागलं की पानं करपतात. पण सावली म्हणजे अंधारा कोपरा नव्हे. देठ लांबट झाले, रंग मळकट पडला की समजा उजेड कमी पडतोय, खिडकीजवळ पण उन्हाच्या पट्ट्याबाहेर सरकवा.

थंडीत रेक्सने पानं गाळली तरी लगेच फेकू नका. दिवस लहान झाले आणि तापमान १५ अंशांच्या आसपास आलं की तो झोपी जातो, खोड टणक असेल तर पाणी एकदम कमी करा, खत बंद ठेवा आणि वाट बघा. वाढीच्या दिवसांतही खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्ध्यानेच द्या. ठिपक्यांवाला मॅक्युलाटा मात्र वेगळा, तो बांबूसारखा पेरांनी उंच वाढतो आणि खालची पानं गळून नुसती काठी उरते. तिथे शेंडा पेराच्या वर छाटायचा, खाली फांद्या फुटतात आणि छाटलेला शेंडा पाण्यात ठेवला की मुळं धरतो.

मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा, बेगोनियात, त्यातही जमिनीलगतच्या खोडात, ऑक्झलेट असतं, खाल्लं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात.

आणि रेक्सचं खोड पूर्णच गेलं असेल तरी एखादं धड पान उरलंच असेल ना? त्याच्या मागच्या बाजूच्या जाड शिरांना ब्लेडने छोटे काप द्या, ती बाजू खाली करून ओलसर मिश्रणावर पान पसरा, वर पारदर्शक झाकण. काही आठवड्यांत कापांपाशी पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, दिसायला लागतात. तोपर्यंत मुळं आली का म्हणून पान उचलून बघायचं नाही, ती केसाएवढी असतात आणि तेवढ्यानेच तुटतात.