गच्चीवर सौर वीज: आधी बिल बघा, मग सावली

नागपुरातल्या आमच्या गच्चीवरून उत्तरेला कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. तिथे एक युनिट वीज काढायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ३ किलोवॅटचा सौर संच वर्षाला ४,००० युनिटच्या आसपास वीज देतो. म्हणजे एका घरामागे दरवर्षी अडीच टन कोळसा वाचतो. एवढ्यासाठी तरी हे काम नीट करायला हवं.

सुरुवात वीजबिलापासून करा. एप्रिल-मेचं कूलरचं बिल बघून घाबरू नका. १२ महिन्यांच्या युनिटची बेरीज करून सरासरी काढा. एक किलोवॅटमागे महिन्याला १०० ते १२० युनिट मिळतात, तेव्हा सरासरी ३०० असेल तर ३ किलोवॅट पुरे. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर ते आधी बदलून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडतो.

मग गच्चीवर चढा, खडू घेऊन. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, पण जागेपेक्षा सावली महत्त्वाची. सकाळी ९ला, दुपारी १२ला आणि ३ला टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या झाडाची सावली कुठवर येते ते खडूने आखून ठेवा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो. नागपुरात भर दुपारीही टाकीची सावली टाकीच्या उंचीएवढी उत्तरेला पडते. म्हणून पॅनल टाकीच्या दक्षिणेला, दक्षिणेकडेच तोंड करून बसवा. एका पॅनलवर पडलेली सावली त्याच्यासोबत जोडलेल्या बाकीच्यांचीही वीज खाते.

अर्ज केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर' पोर्टलवर करायचा. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असं घरगुती संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ते काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर थेट खात्यात येतं, तोवर पैसे आपलेच लागतात. अनुदानासाठी पॅनलमधले सेल भारतात बनलेले हवेत, हे कोटेशनवर लिहून घ्या. नोंदणीकृत तीन ठेकेदारांकडून तरी भाव मागवा.

बसवताना स्वतः हजर राहा. आमच्या ठेकेदाराने स्लॅबला भोकं पाडून पॅनलच्या सांगाड्याचे पाय ठोकले आणि पहिल्याच पावसात बैठकीच्या छताला ओल आली. आईने तिथे घमेलं ठेवलं होतं. शेवटी सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांवर पाय पुन्हा उभे केले. तुम्ही हे आधीच सांगा. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला हवा; अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा दांडा) वेगवेगळे हवेत.

नेट मीटर (आलेली आणि गेलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागला की दिवसाची जादा वीज महावितरणकडे जाते आणि बिलातून वजा होते. बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर हा संचही बंद पडतो. आपली वीज बाहेरच्या तारांत जाऊ नये म्हणून, लाइन दुरुस्त करणाऱ्याच्या जिवासाठी ते गरजेचं आहे.

पॅनलवरची धूळ दर पंधरवड्याला, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. आणि पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री ११ ते ३ मध्ये उरका. रात्री घरात येणारी वीज अजून बहुतेक कोळशाचीच असते. आमच्याकडे टाकी आता सकाळी सहाऐवजी बाराला भरते.