जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या मुक्त ड्रायव्हरमधील दोष कसा शोधावा आणि त्याच्या कोडची पुनर्रचना कशी करावी

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे आणि यंत्रकामाचे अनेक कारखाने आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या ड्रॉइंगच्या टेबलावर रेडिऑन एचडी ५००० किंवा ६००० मालिकेतील कार्ड असलेला संगणक अजूनही काम देत असतो. या कार्डांसाठी उत्पादकाने पूर्वी दिलेला बंद ड्रायव्हर आजच्या लिनक्सवर चालत नाही. मुक्त ड्रायव्हर मात्र चालतो, आणि त्याचा स्रोत कोणालाही वाचता येत असल्यामुळे चित्र बिघडले तर कारण शोधणे आपल्याच हातात राहते. ज्यांना सी भाषा आणि गिट येते, परंतु ड्रायव्हरचा कोड उघडण्याचे धाडस अद्याप झालेले नाही, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे.

सर्वांत आधी एक नियम स्वतःला घालून घ्यावा. दोष दूर करणे आणि कोडची पुनर्रचना करणे ही दोन कामे एकाच कमिटमध्ये कधीही मिसळू नयेत. ओतकाम करणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही: पॅटर्नची, म्हणजे साचा करण्यासाठीच्या नमुन्याची, डागडुजी केली, तो दोन भागांत केला किंवा नव्या लाकडात उतरवला, तरी त्यातून निघणाऱ्या कास्टिंगची मापे बदलता कामा नयेत, आणि मापेच बदलायची असतील तर ते काम स्वतंत्रपणे नोंदवले जाते. पुनर्रचनेत कोडची मांडणी बदलते, पण कार्डाकडे जाणाऱ्या आज्ञा त्याच राहतात. एकाच कमिटमध्ये दोन्ही केल्यास पुढे चित्र बिघडले तर नेमके कशामुळे बिघडले हे सांगता येत नाही.

दोष कोणत्या थरात आहे हे त्यानंतर ठरवावे. या कार्डांचा ड्रायव्हर दोन भागांत विभागलेला आहे. कर्नलमधील रेडिऑन हे मॉड्यूल कार्डाची मेमरी सांभाळते, पडद्याची मांडणी ठरवते आणि आज्ञांची बाडे कार्डाच्या रांगेत लावते. तर ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या मेसा प्रकल्पातील आर-६०० हा ड्रायव्हर ओपनजीएलच्या, म्हणजे प्रोग्राम ज्या प्रमाणित भाषेत चित्र मागतात तिच्या, मागण्यांचे या आज्ञांमध्ये रूपांतर करतो. पडदा काळा राहणे किंवा झोपवलेला संगणक जागा न होणे अशा तक्रारींचे मूळ बहुधा कर्नलमध्ये सापडते. रंग चुकणे, पृष्ठे गायब होणे, रेषा तुटणे यांचे मूळ बहुधा मेसामध्ये असते. एका सोप्या चाचणीने बरेच काही उलगडते. मेसाला कार्ड बाजूला ठेवून सर्व चित्रण प्रोसेसरवर करायला सांगणारे एक पर्यावरण-चल आहे. ते लावून तोच प्रोग्राम चालवावा. काम संथ होईल, पण चित्र बरोबर आले तर प्रोग्रामवरील संशय कमी होतो आणि लक्ष आर-६०० व त्याखालील थरावर केंद्रित करता येते. चित्र तेव्हाही चुकत असेल, तर प्रोग्राम किंवा मेसाचा सामाईक भाग आधी तपासावा.

कार्ड अडकून पडत असेल, तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून दूरस्थ प्रवेश देणाऱ्या साधनाने) आत शिरण्याची सोय आधीच करून ठेवावी, कारण पडदा गोठला तरी कर्नल पुष्कळदा जिवंत असतो. रेडिऑन मॉड्यूल एखादी आज्ञा साधारण १० सेकंद पुढे सरकली नाही तर रांग थांबल्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये करते, आणि ती नोंद संगणक बंद करण्यापूर्वी वाचून घेणे फार मोलाचे असते. बटण दाबून संगणक बंद करावाच लागला, तर पुन्हा सुरू झाल्यावर जर्नलमधून (प्रणालीच्या साठवलेल्या नोंदवहीतून) मागील बूटच्या कर्नल-नोंदी मागवाव्यात. डीआरएमची, म्हणजे कर्नलमधील ग्राफिक्स विभागाची, सविस्तर नोंद चालू करणारा एक पर्याय बूटच्या ओळीत देता येतो: त्यात २ हा आकडा ड्रायव्हरच्या आणि ४ हा आकडा पडद्याच्या मांडणीच्या नोंदी चालू करतो, आणि दोन्ही हव्या असतील तर ६ द्यावा. सर्वच नोंदी चालू केल्या तर लॉग इतका फुगतो की हवी ती ओळ त्यात सापडत नाही.

जुन्या आवृत्तीत चित्र बरोबर होते आणि नव्या आवृत्तीत बिघडले असेल, तर गिट बायसेक्टइतके विश्वासू साधन दुसरे नाही; ते दर चाचणीला संशयित कमिटांची संख्या निम्मी करत जाते. दोन आवृत्त्यांमध्ये १,००० कमिट असले तरी सुमारे १० चाचण्यांत दोषी कमिट हाती लागतो. मेसा बांधताना मेसनला (बांधणीची मांडणी करणाऱ्या साधनाला) फक्त आर-६०० हाच ड्रायव्हर बांधायला सांगावे आणि व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स प्रणालीचे ड्रायव्हर वगळावेत. जुन्या यंत्रावर यामुळे पुष्कळ वेळ वाचतो. आपल्या भागातल्या वाचकांसाठी येथे एक सूचना आवर्जून करतो. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बायसेक्ट कुठवर आला ही माहिती डिस्कवर राहते, त्यामुळे ती हरवत नाही. परंतु बांधणी चालू असताना वीज गेली तर काही ऑब्जेक्ट फाइली अर्धवट किंवा रिकाम्या राहू शकतात, आणि अशा फाइलींवर केलेली पुढची चाचणी चुकीचा निकाल देते. एकही चुकीचा निकाल बायसेक्टला भलत्याच कमिटपाशी नेतो. म्हणून वीज परत आल्यावर बांधणीची निर्देशिका पुसून पुन्हा पहिल्यापासून बांधावे.

माझ्या स्वतःच्या गिट-शाखेत घडलेले एक उदाहरण येथे तपशिलाने देतो. आर-६०० मध्ये कार्डाची प्रत्येक स्थिती ‘अ‍ॅटम’ नावाच्या छोट्या गटात ठेवलेली असते. स्थिती बदलली की तो गट ‘डर्टी’ म्हणून चिन्हांकित होतो, आणि चित्र काढण्यापूर्वी केवळ चिन्हांकित गटच आज्ञांच्या बाडात लिहिले जातात. मी एका लांबलचक फलनाचे (फंक्शनचे) तुकडे करून पॉलिगॉन ऑफसेटचे, म्हणजे पृष्ठ किंचित मागे ढकलून त्यावरच्या कडांच्या रेषा पुढे दिसू देण्याचे, काम वेगळे काढले होते. त्यानंतर फ्रीकॅड या त्रिमितीय आरेखनाच्या प्रोग्राममध्ये पंपाच्या आवरणाचे सुटे चित्र उत्तम दिसे, पण चाळीसेक भागांची जुळणी उघडली की कडांच्या काळ्या रेषा तुटक होत आणि फिरवताना लुकलुकत. तेसुद्धा दुसरा एखादा त्रिमितीय प्रोग्राम त्याच वेळी चालू असेल तरच.

‘मोठ्या चित्रातच’ आणि ‘दुसरा प्रोग्राम चालू असतानाच’ या दोन अटी एकत्र आल्या, तेव्हा कारणाची दिशा स्पष्ट झाली. मोठ्या चित्रात आज्ञांचे बाड मध्येच भरते, ते कर्नलकडे जाते आणि नवे बाड सुरू होते. मधल्या काळात कार्डाने दुसऱ्या प्रोग्रामच्या आज्ञा पार पाडलेल्या असू शकतात, म्हणजे रजिस्टरमध्ये (कार्डाची स्थिती धरून ठेवणाऱ्या कप्प्यांत) परक्याची मूल्ये राहिलेली असू शकतात. म्हणूनच नव्या बाडाच्या आरंभी सर्व स्थिती पुन्हा लिहावी लागते. मी वेगळा काढलेला गट त्या आरंभीच्या यादीत चिन्हांकित करायचा राहून गेला होता. त्यामुळे पृष्ठ मागे ढकलले जात नसे. रेषा आणि पृष्ठ एकाच खोलीवर आले की कोण पुढे दिसेल याची निश्चिती राहत नाही, आणि रेषा तुटक दिसतात.

हा तर्क पटला तरी तो सिद्ध करणे आवश्यक होते. त्यासाठी प्रत्येक चित्रण-आज्ञेनंतर बाड सक्तीने पाठवून देणारी एक तात्पुरती ओळ कोडमध्ये घातली. दुसरा प्रोग्राम चालू ठेवून पाहिले, तर सुट्या आवरणाच्या रेषाही तुटू लागल्या. क्वचित दिसणारा दोष असा हुकमी दिसू लागला की निम्मे काम झाले असे मी मानतो. राहिलेली ती एक ओळ जोडली, सक्तीची ओळ तशीच ठेवून पुन्हा तपासले, आणि चित्र बरोबर आल्यावरच ती काढली.

पुनर्रचनेला हात घालण्यापूर्वी बिघडलेले आणि बरोबर असलेले, अशा दोन्ही प्रकारच्या चित्रणांचे, एपीआयट्रेस या प्रोग्रामच्या ओपनजीएल-मागण्या नोंदवणाऱ्या साधनाने, ध्वनिमुद्रणासारखे मुद्रण करून ठेवावे. ते मुद्रण मूळ प्रोग्रामशिवाय पुन्हा वाजवता येते, त्यामुळे कारखान्याचा संगणक अडवून ठेवावा लागत नाही. त्यानंतर एका कमिटमध्ये एकच बदल करावा: एकात नाव बदलावे, दुसऱ्यात फलन हलवावे, तिसऱ्यात पुनरुक्ती काढावी. प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बांधला गेला पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करणारा माणूस तिथेच अडतो. प्रत्येक टप्प्यावर मुद्रण वाजवून चित्रे ताडावीत आणि पिग्लिट या ओपनजीएल-चाचण्यांच्या संचातील चाचण्या आधी व नंतर चालवून फरक पाहावा. आधीपासून नापास असलेल्या चाचण्यांची यादी हाताशी असणे येथे अत्यावश्यक आहे. शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) संकलित करणाऱ्या भागाला हात लावला असेल, तर शेडर-डीबी या मोजणीच्या साधनाने आज्ञांची संख्या वाढली का हेही तपासावे.

कोणता कोड तसाच ठेवावा, याचाही विवेक लागतो. एकाच रजिस्टरवर दोनदा लिहिणारी किंवा विनाकारण थांबणारी भासणारी ओळ दिसली की ती पुसण्याचा मोह होतो. अशा ओळी पुष्कळदा हार्डवेअरमधील एखाद्या दोषावरचा उपाय असतात. गिट ब्लेमने ती ओळ कोणत्या कमिटने आणली ते पाहून त्याचा संदेश वाचावा, आणि कारण सापडले नाही तर ओळीला हात लावू नये.

काम मूळ प्रकल्पाकडे पाठवताना मेसाचे बदल फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्ट म्हणून द्यावेत, आणि कर्नलमधील बदल चेकपॅचने (कोडची शैली तपासणाऱ्या स्क्रिप्टने) तपासून ईमेलने पाठवावेत. दुरुस्तीचा कमिट मालिकेत सर्वांत आधी ठेवावा, म्हणजे तो जुन्या स्थिर आवृत्तीतही नेता येतो; ज्या कमिटमुळे दोष आला त्याचा उल्लेख ‘फिक्सेस’ या ओळीत करावा. आपसांत चर्चा मराठीत झाली तरी कमिटचा संदेश इंग्रजीतच लिहावा लागतो. तो लहान वाक्यांत लिहावा, आणि कोणत्या चिपवर, कोणत्या कर्नलवर व कोणत्या प्रोग्रामने तपासले ते त्यात स्पष्ट नमूद करावे. हाताशी एकच कार्ड असेल तर तेही लिहावे, म्हणजे ज्यांच्याकडे त्याच ड्रायव्हरवर चालणारी दुसरी कार्डे आहेत ते उरलेली तपासणी करू शकतात.