कॅमेऱ्याची धूसर स्क्रीन घरी साफ करताना या चुका टाळा

स्क्रीन धूसर दिसली की हाताला लागेल ते कापड घेऊन घासायला सुरुवात होते, आणि नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं. कॅमेऱ्यामागची स्क्रीन म्हणजे एक सलग काच नव्हे. सगळ्यात वर स्क्रीनगार्ड, त्याखाली प्लास्टिकचं किंवा काचेचं कव्हर आणि त्यावर चकाकी कमी करणारं पातळ कोटिंग, मग पोलरायझरची (प्रकाश गाळणारी) फिल्म, चित्र दाखवणारं एलसीडी पॅनेल आणि शेवटी मागून उजेड देणारा बॅकलाइट. धूसरपणा यांतल्या कुठल्याही थरात असू शकतो, आणि एका थरावरचा इलाज दुसऱ्या थराची वाट लावतो.

न तपासता घासणं

आधी कॅमेऱ्यातला एखादा फोटो संगणकावर उघडा. तिथेही तो धुरकट दिसला तर दोष स्क्रीनचा नाही, बहुधा लेन्सचा आहे. फोटो स्वच्छ असेल तर कॅमेरा बंद करून बॅटरी काढा आणि स्क्रीन दिव्याखाली तिरकी धरा. तेलकट पट्टे दिसले तर ती वरवरची घाण. नकाशातल्या बेटांसारखे कडा असलेले डाग दिसत असतील आणि नखाला बारीकसा उंचवटा लागत असेल, तर कोटिंग सुटतंय. नखाला काहीच लागत नाही, पण पांढुरकेपणा हवेप्रमाणे कमीजास्त होतो, तर आत दमटपणा शिरलाय. बंद असताना स्वच्छ आणि चालू केल्यावर डाग, तर बिघाड पॅनेलमध्ये किंवा बॅकलाइटमध्ये. वरून कितीही पुसा, तो जाणार नाही.

स्क्रीनगार्ड असेल तर ही तपासणी तो काढूनच करा, कारण पुष्कळदा धूसर तोच झालेला असतो. प्लास्टिकच्या कार्डाने एक कोपरा उचला आणि स्क्रीनला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. सरळ वर खेचला तर सैल झालेलं कोटिंगही त्याच्याबरोबर येतं.

चुकीचा द्रव, चुकीच्या जागी

स्क्रीनवर थेट फवारा मारू नका. कडेच्या फटीतून द्रव आपोआप आत ओढला जातो आणि पॅनेलवर कायमचा डाग पडतो. खिडक्यांच्या काचा पुसायच्या द्रवात अनेकदा अमोनिया असतो, तो कोटिंग खातो. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने प्लास्टिक पांढरं पडतं, त्यात बारीक तडे जातात. तीव्र अल्कोहोलनेही ॲक्रिलिकच्या कव्हरला तडे जाऊ शकतात. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: डास पळवणाऱ्या अनेक मलमांत डीईईटी नावाचं रसायन असतं आणि ते प्लास्टिक मऊ करतं. मलम लावलेल्या बोटांनी स्क्रीन धरली तर बोटाच्या आकाराचा ठसा प्लास्टिकमध्येच उमटतो. तो पुसून जात नाही.

साध्या घाणीसाठी आधी हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने धूळ उडवा. धुळीसकट पुसणं म्हणजे स्वतःच्या हाताने ओरखडे काढणं. मग स्वच्छ मायक्रोफायबर कापडाच्या कोपऱ्यावर डिस्टिल्ड वॉटरचे 2-3 थेंब घ्या, मधून कडेकडे हलक्या हाताने पुसा आणि लगेच कोरड्या बाजूने टिपून घ्या. तेलकटपणा उरलाच तर लेन्स साफ करायच्या द्रवाचा एक थेंब, तोही कापडावरच.

टूथपेस्टचा प्रयोग

सुटणाऱ्या कोटिंगच्या डागांवर टूथपेस्ट चोळू नका. तिच्यातले कण चांगल्या कोटिंगलाही खरवडतात आणि ठिकठिकाणी धूसर चट्टे पाडतात. सुटलेलं कोटिंग परत बसवता येत नाही, ही गोष्ट आधी मान्य करायला हवी. म्हणून पहिला उपाय सगळ्यात सोपा: स्क्रीन स्वच्छ करून नवा स्क्रीनगार्ड लावा. त्याचा चिकट थर डागांच्या उथळ कडा भरून काढतो आणि बरेच चट्टे चालू स्क्रीनवर दिसेनासे होतात. निम्म्या त्रासात काम होत असेल तर पुढे जाऊच नका.

चट्टे तरीही खुपत असतील तर उरलेलं कोटिंग पूर्ण काढावं लागतं. हे फक्त प्लास्टिकच्या कव्हरवर करा. टचस्क्रीनच्या काचेवर पॉलिश चालवू नका. चारी कडा, बटणं आणि स्पीकरची छिद्रं मास्किंग टेपने झाका. प्लास्टिक पॉलिशचा साधारण अर्धा सेंटिमीटरचा ठिपका कापडावर घ्या आणि छोटी, एकावर एक येणारी वर्तुळं काढत पूर्ण स्क्रीनभर फिरवा. दर मिनिटाने पुसून तिरक्या उजेडात बघा. इथे दोन चुका हमखास होतात. एक, जोर लावणं: दाबाने पॅनेलवर पांढरे डाग पडतात. दुसरी, फक्त डागावरच घासणं: तिथे खळगा पडतो आणि चित्र वेडंवाकडं दिसतं. कोपरेही सोडू नका, नाहीतर तिथे कोटिंगची चौकट उरते. काम झाल्यावर उन्हात चकाकी वाढलेली जाणवेल आणि उघडं प्लास्टिक पटकन ओरखडेल, त्यामुळे स्क्रीनगार्ड त्याच दिवशी लावा.

वाफ घालवायला हेअर ड्रायर

गरम हवेने ओल आणखी आत सरकते आणि कव्हरचा गोंद सैल होतो. तांदळात पुरल्याने भुकटी फटींत जाते. बॅटरी आणि कार्ड काढा, त्यांची झाकणं उघडी ठेवा, फिरती स्क्रीन असेल तर ती उघडा, आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्यांसोबत 24 ते 48 तास ठेवा. तोवर चालू करून बघायचा मोह टाळा. ओलाव्यात वीज गेली की गंज झपाट्याने चढतो.

तयारी नसताना कॅमेरा उघडणं

फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे 300 व्होल्ट साठलेले असू शकतात आणि बॅटरी काढली तरी ते बराच वेळ टिकतात. तो नेमका कुठे आहे आणि कसा रिकामा करायचा हे माहीत नसेल तर बॉडी उघडू नका. फक्त वरचं कव्हर बदलायचं असेल तर तुमच्या मॉडेलमध्ये ते पॅनेलला पूर्ण चिकटवलेलं आहे की फक्त कडेला दुहेरी टेपवर बसवलंय, ते आधी शोधा. पहिल्या प्रकारात कव्हर उचकटलं की पॅनेलही फुटतं, म्हणून पूर्ण स्क्रीन-संचच बदलावा. दुसऱ्या प्रकारात पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने सावकाश फिरवा. धातूचं टोक घालू नका. रिबन केबल (स्क्रीन बोर्डला जोडणारी चपटी पट्टी) सोडवताना आधी कनेक्टरची खिटी नखाने उचला. खिटी न उघडता ओढली तर केबल नाही, तर बोर्डवरचा कनेक्टर उखडतो, आणि मग एका कव्हरच्या कामासाठी बोर्ड दुरुस्तीला द्यावा लागतो.