बडोद्याच्या हवेत स्पोर्ट्स कार घरी कशी सांभाळावी

बडोद्यात ज्यांच्याकडे स्पोर्ट्स कार आहे, त्यांतल्या बहुतेकांची गाडी धावते कमी आणि उभी राहते जास्त. रविवारी पहाटे भरूचच्या बाजूने एक्सप्रेस वेवर एक फेरी झाली, की पुढचे कित्येक दिवस ती अलकापुरीतल्या बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात कव्हरखाली असते. अशा गाडीच्या देखभालीचे वेळापत्रक केवळ किलोमीटरवर आखून भागत नाही, ते महिन्यांवर आखावे लागते. कारण मे महिन्यातले चाळिशीपारचे ऊन आणि त्यापाठोपाठ येणारा दमट पावसाळा, गाडी चालो वा न चालो, आपले काम करतच असतात. त्यातली बरीच कामे घरी करता येतात, मात्र अवजारे नेमकी हवीत आणि हाताला घाई नको.

पहिला प्रश्न गाडी उचलण्याचा. तळ जमिनीच्या इतका जवळ असतो, की साधा ट्रॉली जॅक बंपरखाली शिरतच नाही. त्यासाठी लो-प्रोफाइल जॅक घ्यावा, किंवा वखारीतून दीड-दोन इंच जाडीच्या रुंद फळ्या आणून आधी चाके त्यांवर चढवावीत. जॅक नेमका कोठे लावायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. जागा थोडी चुकली तरी कडेचा पत्रा दुमडतो किंवा खालचे प्लास्टिकचे कव्हर फुटते. गाडी उचलल्यावर तिचा भार जॅक-स्टँडवर, म्हणजे गाडी पेलून धरणाऱ्या लोखंडी तिवईवर, टाकल्याशिवाय कोणीही खाली डोके घालू नये. पोर्चमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडचे पाय त्यांत रुततात, म्हणून खाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवावा.

इंजिन ऑईल वर्षातून एकदा बदलावेच, मग वर्षभरात गाडी दोन हजार किलोमीटर का चाललेली असेना. छोट्या फेऱ्यांमध्ये ऑईल पुरेसे तापत नाही, त्यात ओलावा आणि पेट्रोलचा अंश साचत जातो आणि त्याचे गुण उतरतात. डब्यावरचा ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० हा ऑईलचा दाटपणा सांगणारा आकडा जुळला म्हणजे काम झाले असे नव्हे. गाडीच्या कंपनीने दिलेल्या मान्यतेचा क्रमांक त्याच डब्यावर छापलेला आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण तीन-साडेतीन लिटर ऑईल मावते, पण मोठ्या इंजिनाच्या स्पोर्ट्स कारमध्ये ते सात-आठ लिटर किंवा त्याहूनही जास्त असू शकते. तेव्हा खाली ठेवायचे घमेले त्या मानाने मोठे घ्यावे, नाहीतर पोर्चच्या फरशीवरचा डाग पुढची कित्येक वर्षे घरच्यांची बोलणी ऐकवतो. इंजिन कोमट असताना चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा, बोल्ट काढावा, त्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालावा, आणि बोल्ट अंदाजाने न पिळता, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच आवळावा, कारण अॅल्युमिनियमच्या चेंबरमधले आटे एकदा गेले की काम महागात पडते. काढलेले ऑईल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते कॅनमध्ये भरून, जळके ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

ब्रेक ऑईलकडे मात्र चांगले चांगले हौशी लोकही दुर्लक्ष करतात. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट त्याला अगदी अनुकूल. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर धरलेली आहे. वेगात असताना वारंवार जोरात ब्रेक लावले, तर जुने ऑईल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी मऊ पडते. म्हणून दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ते पूर्ण बदलावे. या कामाला दोन माणसे लागतात: एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निप्पल, म्हणजे ऑईल सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून पारदर्शक नळीतून जुने ऑईल बाटलीत सोडायचे आणि पेडल वर येण्याआधी निप्पल पुन्हा बंद करायचा. वरची टाकी कोणत्याही क्षणी रिकामी होऊ देऊ नये, कारण ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसच्या यंत्रणेत हवा शिरली तर ती काढायला बहुतेक वेळा स्कॅनर लागतो. ऑईलचा थेंब रंगावर पडला तर तो तत्काळ भरपूर पाण्याने धुवावा. कोरड्या फडक्याने पुसत बसल्यास रंग निघून येतो. टाकीतली पातळी हळूहळू खाली जात असेल, तर नुसती भर घालण्याआधी ब्रेकचे पॅड किती उरले आहेत ते पाहावे, कारण पॅड झिजले की पातळी उतरते. पावसात भिजून आलेली गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक न ओढता चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, म्हणजे पॅड डिस्कला चिकटत नाहीत.

टायरमधली हवा सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी मोजावी. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते: १८२२ म्हणजे २०२२ सालचा अठरावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर वेगात भरवसा ठेवू नये. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे असतील, तर त्यांची पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.४ च्या खाली आकडा जाऊ लागला, की बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर लावून ठेवावा. काही पोर्शे गाड्यांमध्ये बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि त्या डिकीचे कुलूप विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण उतरली तर डिकी उघडण्याची आडवाट कोणती, हे आधीच वाचून ठेवावे. बॉनेट उघडलेच आहे तर उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी दिसतात का, तेही पाहावे. गणपतीच्या दिवसांत घरात पाहुणे असतात आणि गाडी आठवडाभर हलत नाही, तेव्हा हा पाहुणा हमखास येतो.

पावसाळ्यापूर्वीचे एक काम वेगळे सांगायला हवे. पुढच्या काचेखाली, आणि छत उघडणाऱ्या गाड्यांमध्ये छताच्या खाचेत, पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पाल्याने तुंबतात आणि पाणी आत उतरून इलेक्ट्रॉनिक युनिटपर्यंत पोहोचते. हाताने पाला काढून नायलॉनची मऊ दोरी हलकेच आत सरकवावी; हवेचा जोराचा झोत मारू नये, कारण त्याने नळ्या आतल्या जोडावर निसटतात.

गिअरबॉक्सचे ऑईल, चाकांचे अलाइनमेंट, एसीचा गॅस आणि एअरबॅगशी संबंधित काहीही घरी करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यातल्या सोसायट्यांत शिरले, तेव्हा तळघरातल्या गाड्यांना सुटकेची वाट उरली नव्हती. पुराचा इशारा मिळताच गाडी उंच जागी न्यावी. पाणी आत गेलेच तर इंजिन चुकूनही सुरू करू नये. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. गाडीचे फोटो काढावेत आणि ती साखळीने ओढत न नेता सपाट पाठीच्या ट्रकवर चढवावी. त्यासाठी लागणारा, बंपरमध्ये फिरवून बसवायचा हुक अवजारांच्या पिशवीत आहे ना, हे आजच पाहून ठेवावे. अनेक जर्मन गाड्यांमध्ये त्याचे आटे उलटे असतात, तो डावीकडे फिरवल्यावर बसतो.