पहिल्या नोकरीतलं इंग्रजी: पर्यंत, पुढे आणि पाठवा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत नव्यानं लागलेली, किंवा लातूर-नांदेडहून डिग्री-डिप्लोमा करून पुण्याकडे निघालेली पोरं-पोरी इंग्रजी येत नाही म्हणून अडत नाहीत. पुस्तकं इंग्रजीत वाचलेली असतात, शब्दही पुरेसे असतात. वाक्य मनात मराठीत तयार होतं आणि शब्दाला शब्द लावून बाहेर पडतं, तिथं घोळ होतो. हे घोळ ठरावीक जागीच होतात, म्हणून त्या जागा आधी पाठ केलेल्या बऱ्या.

सगळ्यात महागात पडतो 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे', या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच 'पर्यंत' पुरतो. इंग्रजीत पहिल्याला 'बाय फ्रायडे' लागतं आणि दुसऱ्याला 'टिल फ्रायडे'. काम एकदाच होऊन संपणार असेल तर बाय. एखादी गोष्ट त्या दिवसापर्यंत चालूच राहणार असेल तर टिल. 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' म्हणालात तर परदेशी माणसाला वाटतं, हा शुक्रवारपर्यंत रोज रिपोर्ट पाठवत बसणार.

'पासून'चंही तसंच. 'मशीन सहा वाजल्यापासून बंद आहे' हे 'द मशीन हॅज बीन डाउन सिन्स सिक्स' असं होतं. मराठीत 'आहे' असलं तरी इथं नुसतं 'इज' चालत नाही. घड्याळातली वेळ किंवा तारीख सांगायची तर सिन्स, आणि किती वेळ झाला ते सांगायचं तर फॉर: 'फॉर थ्री अवर्स'. 'सिन्स थ्री अवर्स' हे शिफ्ट बदलताना लिहिलेल्या नोंदींत हमखास सापडतं. 'सिन्स थ्री' म्हणजे तीन वाजल्यापासून, 'फॉर थ्री अवर्स' म्हणजे तीन तास. त्यात गफलत झाली की डाउनटाइमचा, म्हणजे मशीन किती वेळ बंद होतं त्याचा, हिशोबच बिघडतो.

आता 'पुढे'. मीटिंग पुढे ढकलली, म्हणजे आपल्याकडे ती नंतर होणार. इंग्रजीत मात्र 'द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड' म्हणजे ती ठरलेल्या वेळेच्या आधी होणार, आणि नंतर नेली असेल तर 'पुश्ड बॅक'. आपलं 'पुढे' तिथं 'बॅक' होतं. भारतातल्या हापिसात यासाठी 'प्रीपोन' आणि 'पोस्टपोन' सरसकट चालतात आणि त्यात काही चूक नाही. बाहेरच्या ग्राहकाला 'प्रीपोन' कळेलच असं नाही, आणि 'मूव्ह फॉरवर्ड'चा अर्थ इंग्रजी बोलणारेही दोन्ही बाजूंनी लावतात. म्हणून नवी तारीख आणि वेळ सरळ लिहून टाका, क्रियापद कुठलंही वापरा.

यापेक्षा बारीक अडचण आदराची आहे. मराठीत 'फाईल पाठवा' म्हटलं की त्या 'वा'मध्ये मान आलेला असतो. इंग्रजीच्या 'सेंड'मध्ये तो नाही. 'सेंड मी द फाईल' हे ऐकणाऱ्याच्या कानाला 'ए, फाईल पाठव' असंच लागतं. मग आपली मुलं भरपाई म्हणून प्रत्येक वाक्याला 'सर' लावतात, किंवा 'काइंडली' टाकतात. 'काइंडली सेंड' म्हणजे बाहेरच्यांना नोटिशीची भाषा वाटते. मान क्रियापदाच्या आधी घालायचा: 'कुड यू सेंड मी द फाईल बाय टुमॉरो?' थोडं जास्त मागायचं असेल तर 'वुड यू माइंड सेंडिंग'. नकार द्यायचा तर 'आय अ‍ॅम अफ्रेड वी कान्ट डू इट धिस वीक'. यातल्या 'अफ्रेड'चा भीतीशी काही संबंध नाही. आपण 'माफ करा, पण' म्हणतो, त्या जागेवर ते येतं. आणि 'तुम्ही लोक'चं 'यू पीपल' कधीही करू नका. आपल्याकडे ते साधं बहुवचन आहे, तिकडे ते अंगावर येतं. 'यू ऑल' किंवा 'युअर टीम' म्हणा.

काही शब्द इंग्रजीच असतात, पण त्यांचा अर्थ इथलाच असतो. 'आय पास्ड आउट इन 2024' हे मुलाखतीत रोज ऐकू येतं. बाहेर 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. 'आय ग्रॅज्युएटेड इन 2024' म्हणा. इंजिनिअरिंगच्या मुलाला बॅकलॉग म्हणजे राहिलेले विषय, प्लान्टमध्ये आणि बाकी जगात बॅकलॉग म्हणजे तुंबलेलं काम. ब्रिटनमध्ये फ्रेशर हा विद्यापीठात पहिल्या वर्षाला आलेला विद्यार्थी असतो. 'रिव्हर्ट'चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परतणं, आपल्या मेलमध्ये मात्र तो 'उत्तर द्या' झालाय. 'डू द नीडफुल' (जे लागेल ते करा) ही जुनी इंग्रजी आपण जपून ठेवली आहे. तहसीलच्या अर्जात ती शोभते. मेलमध्ये नेमकं काय करायचं आहे ते लिहा, कारण 'नीडफुल' म्हणजे काय हे समोरच्यानं ओळखायचं असेल तर तो ते ओळखतोच असं नाही.

क्रियापदांची जोडी मराठीतून उचलली की वाक्य लंगडतं. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत ती 'टेक' करतात. चूक करतो, तिथं 'मेक अ मिस्टेक'. फोन ठेवणं म्हणजे 'हँग अप', 'पुट द फोन' नव्हे. पाऊस 'हेवी' असतो, चहा 'स्ट्राँग'. आपल्या मराठवाड्यात 'मला कळायलंय', 'मी करायलोय' असं बोलतात. त्याच वळणानं 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग', 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' बाहेर येतं. कळणं, माहीत असणं, जवळ असणं, हवं असणं यांना सहसा 'इंग' लागत नाही: 'आय अंडरस्टँड', 'आय हॅव टू ब्रदर्स'. आणि इक्विपमेंट, मशीनरी, फर्निचर, इन्फर्मेशन यांना 'एस' लावायचा नाही. पर्चेसच्या यादीत 'इक्विपमेंट्स' इतक्यांदा दिसतं की तेच बरोबर वाटू लागतं. मोजून सांगायचं तर 'टू पीसेस ऑफ इक्विपमेंट'.

वाक्प्रचारांबद्दल आमचं मत थोडं कडवट आहे. शाळेत पाठ करून घेतलेलं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हापिसात कोणी म्हणत नाही. रोज कानावर पडतात ते असे: 'कीप मी इन द लूप' (मला कळवत राहा), 'ऑन द सेम पेज' (आपलं एकमत आहे ना), 'हेड्स-अप' (आधी दिलेली कल्पना), 'कट कॉर्नर्स' (काम उरकण्यासाठी पायऱ्या गाळणं), 'बॅक टु स्क्वेअर वन' (पुन्हा पहिल्यापासून), 'कॉल इट अ डे' (आजचं काम इथं थांबवू). एवढे सहा आले तरी पहिलं वर्ष निघतं. नवख्यानं स्वतः वापरायची घाई करू नये, आधी ऐकून कळायला हवेत. 'द वेल्डर कट कॉर्नर्स' ऐकून कोपरे कुठले कापले ते शोधत बसलात तर पंचाईत.

खेळातून आलेल्यांची गंमत वेगळी. 'ऑन द बॅक फुट', 'स्टिकी विकेट', 'हिट फॉर सिक्स' हे क्रिकेटचे, म्हणून आपल्याला न शिकवता कळतात. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन माणसालाही कळतात. अमेरिकनाला नाहीत. तो बेसबॉलचे वापरतो: 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, 'टच बेस' म्हणजे जरा बोलून घेऊ, 'कर्व्हबॉल' म्हणजे अचानक आलेली अडचण. हॅटट्रिक तेवढी सगळीकडे चालते. ती क्रिकेटचीच. 1858 साली इंग्लंडमध्ये लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेणाऱ्या एच. एच. स्टीफनसनला बक्षीस म्हणून टोपी दिली होती.

आकडे आणि तारखांत चूक झाली तर नुसतं हसं होत नाही, माल चुकीच्या दिवशी जातो. 04/05/2025 हे आपल्याला 4 मे, अमेरिकनाला 5 एप्रिल. महिन्याचं नाव अक्षरात लिहा. लाख-कोटी बाहेर समजत नाहीत: लाख म्हणजे 'हंड्रेड थाउजंड', कोटी म्हणजे 'टेन मिलियन', आणि स्वल्पविरामही 1,00,000 ऐवजी 100,000 असा येतो. 'ईओडी' (एंड ऑफ डे) म्हणजे कोणाच्या दिवसाचा शेवट ते विचारून घ्या. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपले रात्रीचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन.

उच्चारासाठी वेगळा क्लास लावण्याआधी जोर कुठं पडतो ते पाहा. मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं बोलतात, इंग्रजीत एकच जड असतं. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर 'रे'वर, क्रियापद असेल तर 'कॉर्ड'वर. 'डेव्हलप'मध्ये जोर 'व्ह'वर, पहिल्या अक्षरावर नाही. 'झीरो'साठी 'झाड'मधला झ घेऊ नका. 'जहाज'मधला ज त्याच्या बराच जवळ आहे, तोंडाला सवयही आहे त्याची.

शब्दकोश घ्यायचा तर इंग्रजी-मराठी नको, शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी घ्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत, उच्चारही ऐकता येतो. त्यात अर्थाच्या आधी बारीक अक्षरात खुणा असतात: शब्द मोजता येतो की नाही, ब्रिटिश की अमेरिकन, फॉर्मल की इन्फॉर्मल. आपली मुलं नेमक्या त्याच खुणा सोडून अर्थावर उडी मारतात. वहीत रोज पाचच शब्दसमूह घ्या, आणि प्रत्येकाखाली आपल्या खात्यातल्या कामाचं एक पूर्ण वाक्य लिहा. नुसता 'बाय' लिहून उपयोग नाही, 'द डाय विल बी रेडी बाय थर्सडे' लिहा. दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्यानं पान झाकून वाक्य आठवून बघा. जे तिन्ही वेळा आठवलं ते मेलमध्ये वापरायला घ्या. जे अडखळलं ते पुढच्या आठवड्याच्या पाचात पुन्हा टाका.