डेबियनमध्ये पॅकेज स्टेबल कसं ठरतं? या चुका टाळा

बऱ्याच जणांना वाटतं की डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची एखादी टीम एकेक पॅकेज (म्हणजे इन्स्टॉल करायचा प्रोग्राम) तपासते आणि मग त्यावर स्टेबलचा, म्हणजे पक्क्या आवृत्तीचा, शिक्का मारते. तसं काही नसतं. जगभरातले व्हॉलंटियर आपापलं पॅकेज अनस्टेबलमध्ये म्हणजे सिडमध्ये टाकतात, तिथून ते टेस्टिंगमध्ये न्यायचं की नाही हे ब्रिटनी नावाचा प्रोग्राम ठरवतो, आणि साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग फ्रीझ करून (म्हणजे नवीन बदल घेणं थांबवून), उरलेले मोठे बग निस्तरून, तेच नवीन स्टेबल म्हणून बाहेर येतं. हे माहीत नसलं की पुढचे घोळ होतात.

टेस्टिंगमध्ये आलं म्हणजे कुणीतरी तपासलंय असं धरून चालणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ब्रिटनी काय बघते, तर पॅकेज सिडमध्ये पुरेसे दिवस राहिलंय का (साधारण ५, अपलोड करताना दिलेली अर्जन्सी म्हणजे निकड लो असेल तर १०, हाय असेल तर २), सगळ्या रिलीज आर्किटेक्चरवर, म्हणजे डेबियन ज्या प्रोसेसर प्रकारांसाठी निघतं त्या सगळ्यांवर, बिल्ड झालंय का, त्याच्यामुळे टेस्टिंगमधल्या दुसऱ्या पॅकेजच्या डिपेन्डन्सी (त्यांना चालायला लागणारी पॅकेजं) तुटतात का, ऑटोमॅटिक टेस्ट आधी पास होत होत्या आणि आता फेल होतायत असं आहे का, आणि नवीन रिलीज-क्रिटिकल (रिलीज अडवण्याइतका गंभीर) बग नोंदलाय का. बग कुणी नोंदवलाच नाही तर ब्रिटनीला तो दिसणार कसा? एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या टूलच्या वेळी हेच झालं. मुद्दाम घुसवलेलं बॅकडोर (चोरवाट) असलेलं व्हर्जन टेस्टिंगपर्यंत पोचलं होतं, मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना सिडवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून करायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, ते खोदत गेले आणि २९ मार्चला सगळं उघड केलं. स्टेबल तेव्हा वाचलं कारण त्यात जुनं व्हर्जन होतं. म्हणून टेस्टिंग वापरत असाल तर ॲप्ट-लिस्टबग्ज नक्की टाका, अपग्रेड करायच्या आधी ते नोंदलेले गंभीर बग दाखवतं.

बग न नोंदवणं, किंवा चुकीच्या सिव्हिअरिटीनं (गंभीरतेच्या पातळीनं) नोंदवणं. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा कणा इथेच आहे. क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सिरियस या तीनच पातळ्यांचे बग रिलीज-क्रिटिकल धरले जातात आणि पॅकेजला अडवतात, बाकी इम्पॉर्टंट म्हणा, नॉर्मल म्हणा, कितीही साचले तरी पॅकेज पुढे जातं. डेटा उडवणारा बग कुणी नॉर्मल म्हणून टाकला आणि कुणी तो दुरुस्त केला नाही तर तो थेट स्टेबलमध्ये जाऊन बसू शकतो, आणि उलट आयकॉन चुकीचा दिसतो म्हणून ग्रेव्ह टाकला तर नोकरी सांभाळून संध्याकाळी काम करणाऱ्या मेंटेनरचा (पॅकेज सांभाळणाऱ्या व्हॉलंटियरचा) वेळ त्यात जातो. बग नोंदवायला रिपोर्टबग हे टूल वापरा, ते प्रत्येक पातळीचा अर्थ समोर दाखवतं, तो वाचूनच निवडा, आणि बग पुन्हा कसा घडवायचा ते स्टेप बाय स्टेप लिहा.

"नवीन स्टेबलमध्ये माझं पॅकेजच नाही" या तक्रारीचं मूळही बहुतेक वेळा इथेच असतं. रिलीज-क्रिटिकल बग बरेच दिवस उघडा राहिला आणि पॅकेज अत्यावश्यक यादीत नसलं तर ते टेस्टिंगमधून आपोआप काढलं जातं. त्या पॅकेजचं ट्रॅकर पान उघडा, कधी काढलं आणि का अडकलंय ते तिथे लिहिलेलं असतं.

व्हर्जन जुनं दिसलं की असुरक्षित समजणं. स्टेबलमध्ये सिक्युरिटी दुरुस्ती बहुतेक वेळा जुन्याच व्हर्जनवर बसवतात, त्यामुळे फक्त व्हर्जन नंबर बघणारा सिक्युरिटी स्कॅनर ओरडत राहतो आणि इथे पॅच मात्र लागलेला असतो. व्हर्जनच्या शेवटी "deb12u2" असं काही असेल तर ती त्या स्टेबलसाठी (इथे डेबियन १२) केलेली दुरुस्ती आहे. सीव्हीई नंबर (प्रत्येक सुरक्षा त्रुटीला दिलेला क्रमांक) डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर टाकून बघा, मगच घाबरा.

सोर्सेस लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, नुसतं "स्टेबल" लिहिणं. ९ ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी (डेबियन १३) आलं त्या दिवसापासून असं लिहिलेलं सगळं बुकवर्मऐवजी (डेबियन १२) ट्रिक्सीकडे बघायला लागलं, आणि सर्व्हरवर नेहमीचा अपडेट म्हणून अर्धवट अपग्रेड झालं तर ते निस्तरणं फार त्रासाचं. ट्रिक्सी, बुकवर्म असं कोडनेमच लिहा.

एका पॅकेजसाठी त्या यादीत सिडची ओळ जोडणंही टाळा, कारण त्याच्या मागोमाग नवीन लिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) येतं आणि मग ती सिस्टीम धड स्टेबल राहत नाही, धड सिडही होत नाही. झालंच असेल तर ॲप्ट पॉलिसी चालवून कुठलं पॅकेज कुठून आलंय ते आधी बघा, ओळ काढून टाकली तरी पॅकेजं आपोआप मागे येत नाहीत, ती एकेक करून डाउनग्रेड करावी लागतात आणि डाउनग्रेडला डेबियनचा सपोर्ट नाही. लिबसीपर्यंत गोष्ट गेली असेल तर बॅकअप घेऊन नव्यानं इन्स्टॉल करणं परवडतं. नवीन व्हर्जन हवंच असेल तर बॅकपोर्ट्स, म्हणजे स्टेबलवर चालतील अशी बनवलेली नवीन व्हर्जनं, बघा.

नवीन व्हर्जनसाठी मेंटेनरच्या मागे लागणं. ट्रिक्सीचं फ्रीझ १५ मार्च २०२५ ला सुरू झालं आणि १५ मेपासून ते आणखी कडक झालं. अशा काळात मोठे बदल घेत नाहीत, महत्त्वाच्या पॅकेजमध्ये बदल करायचा तर रिलीज टीमकडे कारणासकट अनब्लॉक (तो बदल आत घ्यायची परवानगी) मागावा लागतो. एक्सझेडच्या वेळीसुद्धा नवीन व्हर्जन डेबियनमध्ये पटकन घ्या असा आग्रह अनोळखी नावांनी झाला होता, त्यामुळे मेंटेनर "थांबा" म्हणाला तर खरंच थांबा. घाई असेल तर सिडमधलं पॅकेज वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर चालवा आणि जे तुटेल ते फ्रीझच्या आधी नोंदवा.